सोळाचा स्टिकर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नसीमला — माझ्या बायकोला — नाही, सख्ख्या भावाला नाही. नमाज झाल्यावर हात वर करतो ना, तिथंसुद्धा मी आडूनच बोलत आलोय. "जे काय चुकलं असंल ते माफ कर" — असं. जे काय. जसं काय मला त्या चुकीचं नावच ठाऊक नाही.

आणि तुम्हाला सांगतानाही मन लगेच सरळ होत नाही बघा. तुम्ही कोण, कुठले, रहिमतपुरात तुमचं कुणी पाहुणं आहे का, हे वाचून दुसऱ्या कुणाला दाखवाल का — एवढं सगळं डोक्यातून फिरून गेलं, तेव्हा कुठं पहिली ओळ उमटली. वाईट वाटून घेऊ नका. संशयाची खोड आहे मला. जन्माची नाही, मागून लागलेली. कशी लागली तेच सांगायला बसलोय.

रहिमतपुरात माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. वायर, बटणं, होल्डर, पंखे, एक्स्टेन्शन बोर्ड. गावात माझं नाव चांगलं आहे. लोक हसून सांगतात, रियाजभाईकडं गेलं की तो आधी लेबल वाचायला लावतो आणि मग सामान देतो. खरं आहे ते. मी डबा उलटा करून दाखवतो. हा आयएसआयचा शिक्का, त्याच्यासोबत नंबर, तो नंबर मोबाइलवर टाकून बघा खरा आहे का. बाहेर देशातला माल असेल तर कुणी आणला त्याचं नाव, पुरता पत्ता, कुठल्या देशातनं आला, कुठल्या महिन्यात आला, किंमत काय — हे सगळं पाहिजे. नसेल तर घेऊ नका, माझ्याकडनंसुद्धा घेऊ नका. असं मी म्हणतो. म्हणताना आवाजही चढतो माझा.

आता तुम्ही म्हणाल, सज्जन माणूस दिसतोय. थांबा जरा.

बाळूचं सांगतो आधी. बाळू वायरमन. शाळेपासनं आम्ही एका बाकावर. त्याचे दोन्ही थोरले भाऊ फौजेत, चुलते फौजेत, घराच्या भिंतीवर सगळे वर्दीतले फोटो. बाळूला भरतीत गुडघे चिकटतात म्हणून बाहेर काढलं. मग त्यानं आयटीआय केलं आणि वायरमन झाला. काम चांगलं करायचा. लय हुशार होता असं नाही म्हणणार मी — चार वायरमन करतात तसं काम — पण हात साफ होता, आणि बोलण्यात आडपडदा नव्हता कुठं. एक त्याची सवय होती. गिऱ्हाइकाला घेऊन दुकानात आला की डब्यावरचं लेबल मोठ्यांदा वाचून दाखवायचा. आपल्या स्टेशनवर गाडी आल्याची घोषणा होते ना, तशा आवाजात. इंग्रजी वाचता येतं हे चार लोकांना कळलं पाहिजे, एवढंच त्यात असायचं. मी हसायचो त्याला.

आणि दुसरी एक गोष्ट. आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. वायरमन गिऱ्हाइकाला दुकानात आणतो, गिऱ्हाईक सामान घेऊन घरी जातं, आणि मग संध्याकाळच्या आत वायरमन एकटा परत येतो. 'चहाला.' असतो तो कट, म्हणजे कमिशन, पण त्याला चहाच म्हणायचं. त्याच्या हातात दुकानदार काय टेकवतो ते दुकानदारालाच माहीत. सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सगळे गप्प असतात. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनात एक किडा असतोच — ह्यानं मला ह्याच दुकानात का आणलं? हाच माल का घ्यायला लावला?

बाळू चहाला यायचा नाही. कधीच आला नाही. तरणा असताना कुणीतरी त्याच्या वडलांसमोर त्याला टोमणा मारला होता, तेव्हापासनं त्यानं सोडलं. सोडलं ते सोडलं, पण गप्प बसेल तर बाळू कसला. दर दुकानात, दर घरात, पानाच्या टपरीवर — "म्या कट खात न्हाई गड्या, इचार कुणालाबी." ऐकून ऐकून कान किटले होते. बाकीचे वायरमन त्याच्यावर जळायचे. मी त्याचा दोस्त. मी जळायचो का? — ते पुढं येईल.

माल मी सांगलीच्या एका शेठकडनं आणायचो. त्याचं नाव सांगत नाही. तो माणूस आता हयात नाही, आणि नाव घेतलं की निम्मा दोष त्याच्याकडं सरकवल्यासारखं होईल. तर त्याच्याकडनं एकदा बोर्डांचा लॉट आला. बाहेर देशातला. पांढरेशुभ्र बोर्ड, कुठलीही पिन आत जाईल अशी भोकं, लालचुटुक दिवा, आणि प्लग जाड पिनेचा. दिसायला एक नंबर. बोर्डाच्या पाठीवर प्लास्टिकमध्येच उठलेली बारीक अक्षरं होती, त्यात आकडा होता दहा. दहा अँपिअर. म्हणजे एवढाच भार तो सोसणार, त्याच्या वर गेलात तर तापणार. आपल्याकडचं म्हणून बोर्डावर, डब्यावर काहीच नव्हतं. कुणी आणला, कधी आणला, काही नाही. ते वेगळं आलं होतं, गुंडाळ्यांवर. स्टिकर.

दोन गुंडाळ्या होत्या. दोन्हींवर सगळं सारखं — आणणाऱ्याचं नाव, सांगलीतला पत्ता, महिना, आयएसआयचा शिक्का, नंबर. फरक एकच. एका गुंडाळीवर दहा अँपिअर, दुसरीवर सोळा. माल एकच, आणि स्टिकर दोन जातीचे. मी शेठला फोन लावला, कुठला कशाला लावायचा म्हणून विचारलं. तो हसला. म्हणाला, गिऱ्हाईक जे मागंल ते लावा की.

आता इथं मी म्हणू शकलो असतो की मला काय कळतंय, मी साधा दुकानदार. पण तसं नाही ना. मला तेव्हाच शंका आली होती. पुढच्या खेपेला सांगलीत गेलो तेव्हा मी तो स्टिकरवरचा पत्ता शोधत गेलो. गल्ली होती. घर नंबरही होता. तिथं पिठाची गिरण होती. एक बाई ज्वारीचा डबा घेऊन उभी होती, तिनं विचारलं, "कुणाकडं जायचंय?" मी म्हणालो, कुणाकडं नाही. आणि परत फिरलो. म्हणजे नाव खोटं, पत्ता खोटा, मग शिक्का काय खरा असणार? हे सगळं मला बसस्टँडवर यायच्या आतच समजलं होतं. एवढं समजून मी घरी आलो आणि सोळाची गुंडाळी उघडली.

का, ते सांगायला नको. आमच्याकडं ज्याला त्याला पाण्याचा रॉड लावायचा असतो, इस्त्री लावायची असते, शेगडी लावायची असते. दहाचा बोर्ड कोण घेतो? सोळा म्हटलं की हात पुढं येतो.

स्टिकर घरी लावायचो. दुपारी जेवणं झाली की नसीम आणि मी, मधे बोर्डांचा ढीग. तिचा हात सरळ, स्टिकर कधी वाकडा जायचा नाही. पहिल्याच दिवशी तिनं एका बोर्डाच्या पाठीवरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "खाली तर दहा हाय. आन वर सोळा?" मी म्हटलं, तिकडच्या देशात मोजायची रीत निराळी असते. आणि म्हटलं — हे मला शब्दन् शब्द आठवतं — त्या आकड्यावरच लाव, तिथं नीट बसतो. तिनं माझ्याकडं बघितलं. मग लावला. पुढचे सगळे तिथंच लावले.

मागं एकदा वजनमापाचा साहेब दुकानात येऊन गेला. त्यानं तो बोर्ड हातात घेतला, फिरवला, त्याला जे बघायचं असतं ते बघितलं — नाव, पत्ता, महिना, किंमत — आणि ठेवला. सगळं लिहिलेलं होतंच की. त्याच्या मागं मी शटरला टेकून उभा राहिलो. आणि साहेब गेल्यावर मला काय वाटलं असेल? सुटलो असं नाही वाटलं. वाटलं, ह्याला कळलंय, हा परत येणार. तो आला नाही. पण त्या दिवसापासनं दुकानात पाय ठेवणारा प्रत्येक अनोळखी माणूस मला साहेब वाटायला लागला.

आता सुभेदारांचं. जवळच्याच गावातले, फौजेतनं निवृत्त झालेले, शब्दाला पक्के. त्यांनी मळ्यात नवीन घर बांधलं आणि वायरिंगचं काम बाळूला दिलं. बाळू नुसता हवेत होता. भरतीत नापास झालेला माणूस, आणि सुभेदार त्याला "बाळासाहेब" म्हणून हाक मारतात. त्यानं त्या घरात जीव ओतला. सामान सगळं माझ्याकडनं गेलं. शेवटी सुभेदार म्हणाले, स्वयंपाकघरात एक बोर्डबी असू द्या. मी फक्त तो बोर्ड काउंटरवर ठेवला. बाळूनंच उचलला. उलटा केला, आणि त्याच्या त्या घोषणेच्या आवाजात वाचला.

"ह्ये बघा सुभेदार. सोळा अँपिअर. आयएसआय. नंबरबी हाय. आन रियाजच्या दुकानातला हाय, म्हंजी इषयच न्हाई."

एवढं म्हणून त्यानं स्वतःसाठीही एक घेतला, घरी लावायला. मी कापडानं पुसून दिला.

तो स्टिकर त्यानं उचकटून का बघितला नसेल? मी कितीदा स्वतःला विचारलंय. वायरमन होता, बोट फिरवलं असतं तरी खालचा उठाव लागला असता. नाही फिरवलं. दोस्ताच्या दुकानात कोण बोट फिरवून बघतो?

वास्तुशांतीच्या दिवशी घरात पाहुणे. ऐन वेळी गॅस संपला. मग त्याच बोर्डावर इंडक्शनची शेगडी लागली, त्याच बोर्डावर बादलीतला पाण्याचा रॉड लागला. भिंतीतला पॉइंट बाळूनं सोळाचाच काढला होता, चोख, म्हणून भार वाढला की आपोआप पडतं ते बटण पडलं नाही. भार सगळा त्या पांढऱ्या बोर्डावर. तो आधी वितळला, मग पेटला. वर लाकडी फळी होती, ती धरली. काकींनी — सुभेदारांच्या बायकोनं — पुढं होऊन प्लग ओढला. प्लगचं प्लास्टिक वितळून तळहाताला चिकटलं. आग विझली, घर राहिलं, माणसं राहिली. काकींचा हात बरा झाला, पण उजव्या हाताची बोटं पुरती सरळ होत नाहीत. भाकरी थापता येत नाही त्यांना तेव्हापासनं.

हे मी लोकांकडनं ऐकलं. ऐकल्यावर पहिलं काय आठवलं असेल मला? काकी नाहीत. बोर्डाची पाठ. स्टिकर जळला असंल का पुरता, का राहिला असंल — हे. बघा, मी कसा माणूस आहे.

दोन-चार दिवसांनी सुभेदार आले. एकटेच. कापडी पिशवीतनं तो बोर्ड काढून काउंटरवर ठेवला. काळा पडलेला, एका बाजूनं ओघळलेला. मी तो आधी उलटा केला. स्टिकर निम्मा करपला होता. निम्म्यातला सोळा वाचता येत होता, आणि करपलेल्या कडेखालनं प्लास्टिकमधला दहाही दिसत होता. दोन्ही एकमेकांशेजारी. सुभेदारांनी जरा वाकून बघितलं असतं तरी दिसलं असतं. मी बोर्ड माझ्याकडं ओढला. म्हणालो, कंपनीला पाठवतो, राहू द्या हितंच.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "रियाजभाई, खरं सांगा. ह्यात बाळूचं काय चहापाणी होतं का?"

आता ऐका. इथंपर्यंत मी जे सांगितलं — स्टिकर, गिरण, नसीमशी खोटं — ते सगळं मी कधी ना कधी कुणालातरी सांगितलंही असतं. धंद्यात सगळेच करत होते, असंही म्हणालो असतो. मी जे लपवलंय ते हे नाही. ते ह्याच्या पुढचं आहे.

मला एवढंच म्हणायचं होतं — नाही. त्यानं कधीच काही घेतलं नाही. दोन शब्द. आणि ते खरे होते, अख्ख्या गावात ते खात्रीनं सांगू शकणारा मी एकटा होतो, कारण चहा देणारा मी. पण 'नाही' म्हटलं असतं तर सुभेदारांचा पुढचा प्रश्न कुणाला आला असता? बाळूचं काम चोख, बाळूनं कट खाल्ला नाही — मग बोर्ड का पेटला? बोट फिरून माझ्याकडंच आलं असतं.

मी मान खाली घातली. आणि म्हणालो, "आता तुमाला काय सांगायचं सुभेदार. समजून घ्या."

समजून घ्या. बास. ह्यात खोटा शब्द एक तरी आहे का, सांगा. कोर्टातसुद्धा मला कुणी धरू शकणार नाही. आणि सुभेदारांनी समजून घेतलं. मान हलवली, पिशवीची घडी केली, आणि गेले. ते पायरी उतरत होते तेव्हा मला काय वाटलं तेही सांगून टाकतो. भीती कमी झाली, हे तर झालंच. पण त्याच्या खाली एक बारकं, गोड असं काहीतरी होतं. म्या कट खात न्हाई, म्या कट खात न्हाई — आता बोल, असं. त्या घडीला मला बाळूची जिरल्याचं बरं वाटलं होतं. मगाशी म्हटलं ना, पुढं येईल म्हणून.

तो जळका बोर्ड मी हातोडीनं फोडला आणि कराडच्या एका भंगारवाल्याच्या पोत्यात टाकून आलो. आपल्या गावच्या भंगारवाल्यावर भरवसा नव्हता. राहिलेल्या लॉटवरचे सोळाचे स्टिकर काढून दहाचे लावले. ते काम नसीमनंच केलं, माझ्यासमोर बसून. ह्या वेळी तिनं काहीच विचारलं नाही. ते न विचारणं मला अजून खातंय. तिला कळलं होतं का? सुभेदारांच्या घरचं तिनंही ऐकलं होतं. आजही ती जेवायला वाढताना गप्प असली की मला वाटतं, आता बोलणार. पण ती मिठाचंच विचारते.

गाव काही एका दिवसात फिरत नाही. सुभेदार चार लोकांत एकदाच बोलले असतील, दूध घालायला गेल्यावर, आणि तेही हळहळून — बाळासाहेब तसला निघंल असं वाटलं नव्हतं. एवढं पुरलं. ज्याची जीभ स्वतःच्या सचोटीवर एवढी चालायची, तो आतनं तसला निघाला, ह्यात लोकांना मजाच वाटली. आधी नवीन घरांची कामं गेली. मग जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्याला बोलवायला लागली. मग टपरीवर बाळू आला की बोलणं थांबायचं. कुणीतरी त्याला चहा पाजायचा आणि म्हणायचा, घ्या, चहा तर चालतोय की तुमाला. सगळे हसायचे.

तो माझ्या दुकानात येऊन बसायचा. सामान न्यायला नाही, नुसताच. मला म्हणाला, "रियाज, तू तरी सांग की त्यास्नी. तुझ्याकडनं म्या कदी काय घेतलंय का?" मी म्हणालो, सांगतो की. काही दिवसांनी परत विचारलं, सांगितलंस का? म्हणालो, सांगितलं, पण लोक ऐकत न्हाईत रे. हे मात्र सरळ खोटं.

आणि मग तो जे बोलायला लागला ते ऐकवत नव्हतं. त्याला स्वतःच्याच हातावर शंका यायला लागली. स्क्रू सैल राहिला असंल का माझ्याकडनं? न्यूट्रलचा जोड नीट बसला नव्हता का? माझ्या काउंटरवर बोटानं सुभेदारांच्या घराची वायरिंग काढायचा, हितनं इकडं, इकडनं तिकडं, आणि मलाच विचारायचा कुठं चुकलं. मी बघत बसायचो. एकदा मी म्हणालोसुद्धा — एखाद वेळी राहतो रे सैल. हे कशासाठी बोललो मी? त्याची काय गरज होती? अजून कळलेलं नाही मला.

शेवटी तो आटपाडीला गेला. त्याच्या बायकोचं, सुनंदा वहिनींचं, माहेर तिकडं. मेव्हण्याचं पाण्याच्या जळक्या मोटारी भरायचं, म्हणजे आत नवी तार गुंडाळायचं, दुकान होतं, तिथं कामाला लागला. घरोघरचं वायरिंग त्यानं पुन्हा हातात धरलं नाही. जाताना सामानाच्या टेम्पोतनं उतरून दुकानात आला, गळ्यात पडला. म्हणाला, एक तूच राहिलास बघ. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होतो आणि माझ्या मनात चाललेलं — हा असं का म्हणाला? ह्याला कळलंय का?

मग मी सुधारलो. म्हणजे लोक तसं म्हणतात. सांगलीचा शेठ सोडला, बिलाचाच माल, शिक्क्याचाच माल. लेबल वाचून दाखवायचं मी बाळूकडनंच उचललं, हे माझ्या लक्षातही फार उशिरा आलं. माझी कीर्ती एवढी झाली की मागं सांगलीत दुकानदारांची बैठक होती, बाहेरच्या मालावर काय काय लिहिलेलं असावं ह्याची, तिथं मला बोलायला उभं केलं. मी बोललो. नाव, पत्ता, देश, महिना, शिक्का, नंबर — सगळं तोंडपाठ. शेवटी मागच्या बाकावरनं एकानं उठून विचारलं, कंपनीनं प्लास्टिकमध्ये जे लिहिलंय त्याच्यावरच कुणी स्टिकर लावला असंल तर काय करायचं? मी म्हणालो, तो माल परत करा आणि त्या माणसाकडनं परत कधी घेऊ नका. टाळ्या पडल्या. मी मात्र तो विचारणारा कोण, कुठला, त्याला कुणी पाठवला, हेच शोधत राहिलो. जेवणाच्या वेळी त्याला गाठलं. कवठे महांकाळचा साधा दुकानदार निघाला. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

आता शेवटचं. हे अलीकडचं आहे.

बाळूचा फोन आला. आटपाडीत घर बांधलंय, लहानसंच, वास्तुशांतीला ये, नसीम वहिनीला घेऊन ये. मी फोन ठेवला आणि पहिला विचार — मला का बोलावतोय? आणि वास्तुशांतीलाच का? सबब सांगून टाळणार होतो. नसीम म्हणाली, जायलाच पाहिजे. ती 'पाहिजे' असं म्हणाली तशी मी तिच्याकडं बघितलं. ती पिशवी भरत होती. शेवटी तिला ताप आला आणि मी एकटाच गेलो.

ऊन म्हणजे ऊन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा, नाहीतर नुसता माळ. बाळू थकलाय. केस गेले, पाठ जरा वाकली, बोलणं कमी झालंय. मला बघून मात्र खुलला. हाताला धरून घर दाखवलं. वायरिंग कुणी केलं म्हणून विचारलं तर म्हणाला, पोरं हायती हितली, त्यांच्याकडनं करून घेतलं. स्वतःच्या घराचं वायरिंग त्यानं स्वतः केलं नव्हतं.

मला बाहेरच्या खोलीत बसवून तो चहाचं सांगायला आत गेला. आणि समोर, फडताळाच्या बाजूला भिंतीवर, तो बोर्ड होता. माझा. पांढऱ्याचा पिवळा पडलेला, लाल दिव्याचा उजेड मागच्या भिंतीवर. त्याला मोबाइलचा चार्जर लावलेला, बाकी काही नाही. खिळ्याला टांगताना उलटा टांगला होता, पाठ बाहेर. स्टिकर होता अजून. नसीमनं लावलेला, सरळ. फक्त खालचं एक टोक सुटून वर आलेलं.

मी उठून जवळ गेलो. टोकाच्या खाली दहातला एक दिसत होता, आणि शून्याची कड. आता हे टोक उन्हानं सुटलं का इतक्या वर्षांत? का कुणी नखानं उचकटून बघितलं, आणि बघून तसंच ठेवलं? कागदाकडं बघून कळत नाही. मी लय निरखून बघितलं.

आतनं बाळूचा आवाज आला. "तुजाच बोर्ड हाय बग त्यो. चालतोय अजून. जास्त भार लावत न्हाई म्या त्याच्यावर."

का लावत नाहीस — असं मी विचारायला पाहिजे होतं. एवढंच विचारायचं होतं. पुढचं सगळं त्यानं तरी सांगितलं असतं, नाहीतर मी तरी. आत भांड्यांचा आवाज, सुनंदा वहिनींचं हसणं, पाहुण्यांची लेकरं. दारात अजून कुणी नव्हतं.

मी मागं बघितलं, कुणी येतंय का. मग ते टोक अंगठ्यानं दाबलं. ते परत वर आलं. मी अंगठ्याला थुंकी लावली आणि पुन्हा दाबलं, दाबून धरलं, नीट बसेपर्यंत. खालचा आकडा झाकला गेला, वर सोळा राहिला.

मग मी जागेवर येऊन बसलो. बाळूनं चहा आणला, तो मी प्यायलो.